सहाणेवर बोटीची घंटा

बोटीवर माझ्या वाजवण्यापेक्षा माझा दम जास्त प्रसिद्ध होता. संध्याकाळच्या कार्यक्रमात एका ठरलेल्या जागी बँड थांबायचा, ड्रमवाला काठ्या मांडीवर ठेवायचा आणि मी सॅक्सोफोनवर एकच सूर धरून उभा राहायचो. बँडमास्टर हात हलवून प्रवाशांना आकडे मोजायला लावायचा. सगळा हॉल एका सुरात इंग्रजी आकडे म्हणायचा. आकडे फार पुढे सरकले की म्हाताऱ्या बायका "पुरे कर, मरशील" म्हणून ओरडायच्या. मग मी उगाचच डोळे मोठे करायचो, कारण बँडमास्टरने तसं बजावलं होतं, आणि सूर सोडून द्यायचो. टाळ्या पडायच्या. कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी हमखास येऊन माझ्या कोटावरून हात फिरवून बघायचं, आत नळीबिळी लपवली आहे की काय म्हणून.

नळी होती, पण ती पोलादपूर तालुक्यात राहिली होती. पपईच्या पानाचा पोकळ देठ.

आमचं गाव कशेडी घाटाच्या पायथ्याशी. आमच्या घरात खालुबाजातली, म्हणजे गावच्या देवाच्या वाजंत्रातली, सनई. ढोल आणि टिमकी चुलत्यांच्या घरात, सनई आमच्या. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांनी मला दम शिकवला तो या देठाने. तांब्यात पाणी घ्यायचं, देठाचं एक टोक पाण्यात, दुसरं तोंडात, आणि फुंकत राहायचं. बुडबुडे थांबता कामा नयेत. गालात वारा साठवायचा, तो गालांनीच बाहेर ढकलायचा आणि तेवढ्यात नाकाने नवा आत घ्यायचा. सांगायला सोपं आहे. सुरुवातीला पाणीच नाकात जायचं, ठसका लागायचा, डोळ्यांतून धारा. आबा समोर बसून विडी ओढायचे.

"बुडबुडं थांबलं का सूर मेला," एवढंच म्हणायचे, आणि पुन्हा तांब्याकडे बोट दाखवायचे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर शिमग्याच्या पालखीसाठी. शिमग्याला देवीची पालखी देवळातून निघते आणि सहाणेवर जाऊन बसते. सहाण म्हणजे गावाच्या मधोमध असलेला दगडी चौथरा. वाट फार मोठी नाही, पण मध्ये उतार आहे, ओढा आहे, आणि पालखी कुणी सरळ नेत नाही, नाचवत नेतात. देवळाचा उंबरा ओलांडल्यापासून पालखी सहाणेला टेकेपर्यंत सनईचा सूर तुटायचा नाही, असा आमच्या गावचा रिवाज. तुटला तर काय होतं, असं मी एकदा विचारलं होतं.

"कदी तुटलाच नाय, मंग काय सांगू?" आबा म्हणाले.

दुसरा रिवाज असा, की पालखीची ती चाल शिमग्याखेरीज गावात वाजवायची नाही. लग्नात नाही, मांडवात नाही, सरावालाही नाही. सराव करायचा तर गावाची शीव ओलांडायची. आम्ही बापलेक सावित्रीच्या काठी जायचो. आबा वाजवायचे, मी ऐकायचो. मग मी वाजवायचो आणि आबा नदीकडे बघत बसायचे. चुकलो की नुसती मान हलायची. एकदा सगळी चाल न तुटता झाली, तेव्हा मान हलली नाही. त्यांनी धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाले, "आता माज्या डोळ्यांदेकत येकदा पालखी ने. मंग मी मोकळा."

ते माझ्याकडून राहून गेलं. मी महाडला ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवू लागलो, तिथून मुंबईच्या एका हॉटेलात सॅक्सोफोन, आणि तिथून एका एजंटमार्फत प्रवासी बोटीवर. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. आमच्या गावाला बोट म्हणजे दासगावच्या खाडीत दिसायची ती. माझी बोटही सगळ्यांनी तेवढीच धरली होती. बायकोने निघताना विचारलं होतं, "पाऊस आला म्हंजे आत पानी येतं का हो?" मी सांगितलं, बोटीत लिफ्ट आहे, पोहण्याचे तलाव आहेत. तिने मान डोलावली आणि शेजारणीला सांगितलं की आमच्या ह्यांना थापा मारायची सवय आहे.

आबांनी मात्र काहीच विचारलं नाही. "फुकायचंच हाय ना, मंग कायपन फुक. शिमग्याला ये म्हंजे झालं."

तेवढंच जमत नव्हतं. कंपनीचा करार गणपतीनंतर सुरू व्हायचा आणि पावसाच्या तोंडावर संपायचा. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत गोरी माणसं आमची बोट फिरायची त्या बेटांवर ऊन खायला येत, तोच कंपनीचा हंगाम, आणि त्याच्या बरोबर मध्यावर आमचा शिमगा. मुंबईचा आमचा चाकरमानी शिमग्याला सुट्टी मिळाली नाही तर सरळ नोकरी सोडून गावी येतो. मला समुद्राच्या मध्यावरून नोकरी सोडून कुठे चालत जाता येणार होतं?

बोटीवरचा वाजंत्री हा ना धड खलाशी, ना धड पाहुणा. कोट घालून वर प्रवाशांत फिरायची मुभा होती, पण तिथे बसायचं नाही. खाली खलाशांच्या जेवणघरात बसलो की ते म्हणत, हे साहेब लोक आले. हसणं हा कामाचा भाग होता. वरच्या डेकवर गरम पाण्याच्या कुंडात प्रवासी गळ्यापर्यंत बुडून बसलेले असत. महाडजवळ सवच्या गरम झऱ्याच्या कुंडांत गुडघेदुखीची माणसं बसतात, अगदी तशीच तोंडं करून. त्यांच्या कडेला उभं राहून आम्ही वाजवायचो. मला पहिल्यांदा ते पाहून हसू आलं. पुढे ते पाहिलं की सव आठवायचं, मग महाडचा स्टँड, मग पोलादपूरची गाडी, आणि वाजवता वाजवता मी पार घराच्या ओटीपर्यंत जाऊन यायचो. बोटं आपली गाणं वाजवत असत.

माझी खोली पाण्याच्या पातळीखाली होती. खिडकी नाही. माझ्याबरोबर फिलिपिन्सचा एक पियानोवाला राहायचा. अबोल, देवभोळा आणि माझ्यासारखाच घरासाठी झुरणारा माणूस. आमच्या खोलीच्या भिंतीतून इंजिनाची घरघर दिवसरात्र यायची. त्याला त्या आवाजाने झोप यायची नाही, मला त्याच आवाजाने यायची. कशेडीचा चढ चढणाऱ्या भरल्या ट्रकची घरघर ऐकत मी लहानाचा मोठा झालो होतो. डोळे मिटले की ट्रक चढायला लागायचे.

फाल्गुनातला चंद्र वाढायला लागला की माझं डोकं ठिकाणावर नसायचं. डेकवर कार्यक्रम असला की समुद्रावर तो गरगरीत चंद्र समोर उभा. प्रवासी त्याचे फोटो काढत. मला वाटायचं, आत्ता गावात होळी उभी करायला झाड आणलं असेल, आबांनी सनई काढून पत्ती ओली केली असेल. जीव तुटायचा. एकदा तो लांब सूर धरला असताना मी मनातल्या मनात देवळाचा उंबरा ओलांडला, उतार उतरलो, ओढ्यात पाय घातला. भानावर आलो तेव्हा लोकांनी मोजायचं सोडून दिलं होतं आणि बँडमास्टर गळ्यावरून हात फिरवून मला खूण करत होता. त्या संध्याकाळी टाळ्या सर्वांत जास्त पडल्या. मी खोलीत येऊन रडलो.

घरची खबर पोलादपूरच्या एसटीडी बूथवरून कळायची. माझा थोरला चुलतभाऊ, जो खालुबाजात ढोल वाजवायचा, तो ठरलेल्या दिवशी बूथवर येऊन बसायचा आणि मी कुठल्यातरी बंदरातून फोन लावायचो. एका शिमग्यानंतर तो नेहमीसारखा बोलेना. बरंच इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "आबांचा सूर औंदा हलला रे. तुटला नाय, पन हलला. ओड्यापाशी. मी ढोल मोट्यानं वाजवला, लोकांना कळू नाय दिलं."

त्या पावसाळ्यात घरी आलो तेव्हा आबांचे पुढचे दात गेलेले होते. सनईची पत्ती ओठांत धरायची, तरी ओठांना मागून दातांचा आधार लागतोच. ते बोलत तेव्हा शब्दांतून वारा निसटायचा. आबांनी शिमग्याचा विषय काढला नाही. मीच म्हणालो, "आबा, या वर्षी शिमग्याला मी येतो. कंपनीला आधीच सांगून ठेवतो. पालखी मी नेतो."

ते उठले, आत गेले, आणि पंच्यात गुंडाळलेली सनई घेऊन आले. "बोटीवर ने. सराव कर. पान्याला शीव नसते."

मला सनई देऊन त्यांचे हात रिकामे झाले, ते त्यांना ठेवायला कुठे जागा सापडेना. शेवटी त्यांनी ते मांडीखाली घेतले.

जाताना महाडच्या बाजारपेठेत थांबलो. तिथे एका मुसलमान चाचांचं कॅसेटचं दुकान होतं. बरीच वर्षं आखातात काढून आलेले. मला बँडपासून ओळखायचे. बोटीवर ऐकायला मी त्यांच्याकडून कॅसेटी न्यायचो. त्यांच्या काळात पत्र लिहिण्याऐवजी माणसं आपला आवाज भरून कॅसेट घरी पाठवत, असं ते सांगायचे. घरच्यांनी कॅसेट ऐकायची, उलट बाजूला आपला आवाज भरून परत पाठवायची. मी दरवेळी ते कौतुकाने ऐकायचो. या वेळी मी म्हणालो, "छान सोय होती, चाचा."

"सोय? सोय कसली आलीय," चाचा म्हणाले. "मी कायमचा घरी आलो, तर माझी लेक दारात उभी राहून आईला विचारते, हा कोण? आई म्हणाली, तुझे अब्बा. तर पोरगी म्हणते, अब्बा तर टेपमध्ये हायत." ते हसले. मीही हसलो.

बोटीवर मी सराव केला. सॅक्सोफोनचं तोंड वेगळं, सनईचं वेगळं. एकाला ओठ सैल लागतात, दुसरीला आवळून. दिवसा सनईने ओठ सोलवटायचे आणि संध्याकाळी त्याच ओठांनी कुंडातल्या लोकांना रिझवायचं. पण चाल परत आली. थंडी संपत आली तेव्हा मी सुट्टीची आठवण करून दिली. ऑफिसातल्या माणसाने सांगितलं की माझ्या जागी येणारा सॅक्सोफोनवाला आलाच नाही, आणि माझा तो लांब सूर तर कार्यक्रमाच्या जाहिरातीत छापला आहे. आबांनी देवीसाठी शिकवलेला दम, त्याच्याच पायी मला देवीकडे जायला मिळेना. मी त्या माणसावर इतका ओरडलो की पियानोवाल्याने मला ओढत बाहेर नेलं.

चाचांची कॅसेट मला तेव्हा आठवली.

पियानोवाल्याकडे चांगला टेपरेकॉर्डर होता. बोट एका बंदराला लागली होती, प्रवासी फिरायला उतरले होते, नाटकघर दुपारभर रिकामं होतं. मी स्टेजच्या मध्यावर उभा राहिलो, पायातले बूट काढले, पूर्व कुठे असेल त्याचा अंदाज घेऊन नमस्कार केला. पहिल्या दोन खेपांना सूर तुटला. तिसऱ्या खेपेला देवळाचा उंबरा पायाखाली आला आणि पुढे मी काही वाजवलं असं मला आठवत नाही, मी चालत होतो. उतार, ओढा, चढण, सहाण. शेवटचा सूर सोडला, आणि त्याच क्षणी भिंतीवरच्या कर्ण्यातून बोटीची घंटा वाजली. डिंग, डाँग, डिंग. कुठलीही सूचना द्यायच्या आधी ती वाजायची, दिवसातून कितीदा तरी. ही बोट सुटण्याची सूचना होती. सूचना देणाऱ्याने तोंड उघडायच्या आत पियानोवाल्याने बटण दाबलं, पण घंटा टेपवर गेली ती गेलीच.

"परत करू," तो म्हणाला.

माझ्या ओठातून रक्त येत होतं. प्रवासी परत यायला लागले होते. "राहू दे," मी म्हणालो. पुढच्या बंदरात श्रीवर्धनकडचा एक खलाशी उतरून घरी जाणार होता. त्याच्याकडे कॅसेट दिली. त्याने ती महाडला चाचांच्या दुकानात पोचवली आणि चाचांनी स्वतः गाडी पकडून ती आमच्या घरी नेऊन दिली.

शिमगा झाल्यावर बूथवर फोन लावला. चुलतभाऊ आनंदाने ओरडतच होता. देवळाच्या शिखराला भोंगा बांधला होता, ढोल-टिमकी खाली आणि सनई वरून. "काय वाजवलंयस रे! पालकी अशी नाचली, का पोरांच्या पायाला माती लागंना. आनि ती घंटी! आमी सहानंशी आलो, सूर संपला, आता पालकी टेकवायची कवा, बघत व्हतो, तर वरून डिंग डाँग! लगेच टेकवली. कसं काय जमवलंस?"

"अरे, ती बोटीची घंटा आहे. चुकून आलीय."

"आसू दे, आसू दे. ब्येस झालं."

"आबा काय म्हणाले?"

"काय नाय. देवळाच्या पायरीवर बसले व्हते. घंटी झाली तवा डोळं पुसलं."

मला खूप बरं वाटलं. त्या संध्याकाळी मी बँडमास्टरने न सांगता डोळे मोठे केले.

पण पुढच्या वर्षी मी सुट्टी मागितली, ती मिळाली नाही, आणि फोनवर तसं सांगितलं तेव्हा पलीकडे कुणाला वाईट वाटलेलं दिसलं नाही. "कॅसेट हाय ना," चुलतभाऊ म्हणाला. त्याच्या पुढच्या वर्षी गावकीने चाचांकडून कॅसेटच्या जादा प्रती करून घेतल्या, एक खराब झाली तर असावी म्हणून. चाचांनी ध्वनी साफ करून देऊ का, घंटा काढून टाकू का, असं विचारलं होतं म्हणे. गावकीने साफ नकार दिला. घंटी झाल्याशिवाय पालखी टेकवायची नाही, हे आता ठरून गेलं होतं. मागे बोटीच्या इंजिनाची बारीक घरघर ऐकू येते, ती गावाला कशेडीच्या ट्रकची वाटायची. कुणाला त्यात काही परकं वाटत नव्हतं.

मला राग यायला लागला. माझ्यावाचून अडत नव्हतं याचा राग, आणि तो काढायचा कुणावर, तर माझ्याच सनईवर. डेकवर चंद्र वर यायचा आणि मला आता नुसतं गाव आठवायचं नाही, भोंग्यातून वाजणारा मी आठवायचो. तो दरवर्षी वेळेवर हजर असायचा. त्याचा सूर कधी हलायचा नाही. आबांच्या डोळ्यांदेखत पालखी नेत होता तो तोच, आणि मी इकडे कुंडातल्या लोकांसमोर आकडे मोजून घेत होतो.

मग एका वर्षी बोट दुरुस्तीला गोदीत गेली. गोदीत प्रवासी नसतात, म्हणजे वाजंत्रीही नको. आम्हाला घरी पाठवलं, आणि मी शिमग्याच्या तोंडावर महाडच्या स्टँडवर उतरलो. आंबे मोहरले होते. इतक्या वर्षांत हा वास मी विसरून गेलो होतो. स्टँडवर उभ्या उभ्या मला इतका आनंद झाला की पोलादपूरची गाडी सुटून गेली तरी मी तसाच उभा होतो. चाचांच्या दुकानात डोकावलो. कॅसेटी कोपऱ्यात गेल्या होत्या, पुढे सीड्या लागल्या होत्या.

"आलास?" चाचा म्हणाले. "आता दारात उभा राहून बघ, घरचे काय विचारतात ते."

घरी आबा ओटीवर बसले होते. फार वाळले होते, तोंडात एकही दात नव्हता. मला बघून त्यांनी हातातली काठी खाली ठेवली आणि आधी माझ्या बॅगेकडे बघितलं. पंच्यात गुंडाळलेली सनई मी बाहेर काढली, तेव्हा ते हसले.

संध्याकाळी गावकी बसली. मी म्हटलं, या वर्षी मी वाजवतो. मग पालखी खांद्यावर घेणाऱ्या पोरांपैकी एक जण उठला. "काका, राग मानू नका. पन आमचे पाय कॅसेटवर बसलेत. कवा उडी घ्यायची, कवा गिरकी घ्यायची, समदं कॅसेटवर."

"अरे, कॅसेटमध्येही मीच आहे ना!"

"त्येच तर म्हनतो. तुमचीच हाय. मंग बिगडवायचं कशाला?"

चुलतभावाने मधला मार्ग काढला, कॅसेटही लावू आणि तूही खाली उभा राहून वाजव. म्हणजे माझी साथ मीच करायची. मी काय बोलणार होतो देव जाणे, पण त्याआधी आबा बोलले. बिनदाताचं बोलणं, पण सगळ्यांना कळलं. "मानूस दारात उबा हाय नि तुमी आवाजाला पाट मांडता?"

भोंगा बंद राहील असं ठरलं.

पालखीच्या दिवशी आबांना देवळाच्या पायरीवर नेऊन बसवलं, त्यांच्या नेहमीच्या जागी. ते म्हणाले, इथे नको. मला सहाणेपाशी न्या. सूर निघतो तो नको, पोचतो तो ऐकायचाय. बायकोने त्यांना धरून तिकडे नेलं.

पालखी उचलली आणि मी सूर लावला. भोंग्यापुढे माझी सनई बारीक वाटत असणार. पोरांचे पाय पहिल्यांदा जरा अडखळले, मग बसले. उतारावर गुलाल उडाला, तो नाकात गेला, आणि नाकानेच तर श्वास घ्यायचा होता. ओढ्यात पाणी घोट्याइतकं होतं. माझे ओठ थरथरायला लागले, शेजारी चुलतभावाने ढोल मोठा केला, आणि मला कळलं की आबांसाठीही त्याने हेच केलं होतं. मी त्याच्याकडे बघून मान हलवली, नको. त्याने हात हलका केला. सूर टिकला. चढण आली, सहाण आली, सहाणेच्या कडेला काठीवर हनुवटी टेकून बसलेले आबा दिसले. आयुष्यात ज्यासाठी शिकलो ते हेच, असं वाटलं. मी चाल पुरी केली आणि सूर सोडला.

पालखी खाली येईना.

पोरं ती खांद्यावर घेऊन जागच्या जागी झुलत होती. ढोल चालूच. मला वाटलं अजून एखादा फेर घ्यायचा असेल. मग दिसलं, सगळे माझ्याकडे बघतायत. पालखीवाले, बायका, गावकीतले म्हातारे, सगळे. कुणाच्या नजरेत राग नव्हता. ते वाट बघत होते.

"घंटी!" चुलतभाऊ ओरडला. "घंटी ऱ्हायली!"

मी सनई हातात धरून उभा राहिलो. ज्या घंटेने बोटीवर माझा जीव नकोसा केला होता, ती इथे, आमच्या सहाणेवर? आबांकडे बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "वाजव रे. द्येवी खोळंबलीय."

मी सनईवर ते तीन सूर वाजवले. वरचा, खालचा, मधला. पालखी अलगद सहाणेवर टेकली. सगळ्यांनी हात जोडले, नारळ फुटले, आणि शिमगा सुरू झाला.

दुपार उतरल्यावर गर्दी पांगली. आबा सहाणेच्या कडेलाच बसून होते, उठायचं नाव घेईनात. मी त्यांच्या शेजारी टेकलो. घाटात ट्रक चढत होते.

"आबा, सूर कसा होता?"

"तुटला नाय," ते म्हणाले. "येक सांग. ती घंटी झाली का फुडं कॅसेट बंद पडते. बोटीवर त्या घंटीच्या फुडं काय सांगतात? दर वर्साला इचारीन इचारीन म्हनतो."

खोटं सांगता आलं असतं. "बोट सुटतेय, असं सांगतात. ज्यांना यायचंय त्यांनी या, ज्यांना उतरायचंय त्यांनी उतरा."

आबा मनाशी काहीतरी जुळवत राहिले. "म्हंजे आमी हितं द्येवी खाली ठेवायचो नि तकडं तू निघायचास."

मी सनई पंच्यात गुंडाळायला लागलो.

"आज घंटी झाली नि तू हितंच उबा व्हतास," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "ब्येस वाटलं."

बोट गोदीतून बाहेर पडायची तारीख मला कळली होती. घरच्यांना मी ती अजून सांगितली नव्हती. आबांनी विचारली नाही, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.